खांद्यावरचा हात

"खांद्यावरचा तो हात काप म्हटलं ना! जाहिरात साडीची हाय, हाताची नाय!" साडीच्या दुकानाचे सुदर्शनशेठ माझ्यावर ओरडले.

"दोनदा कापला ओ! तुम्हीच बघा!" मीपण भडकलो.

फोटोत माझी बहीण योगिता हाय. फोटो मीच काढला, दाभोशाला नदीवर. तिथं आम्ही दोघंच होतो.

फोटो कापला की नको ते बाहेर जातं, असं मला वाटायचं. काल कॉम्प्युटरवर हाताकडची कड कापली, तर आज बोटं परत खांद्यावर. आत्ता नुसता चेहरा ठेवला, तर बोटं गळ्याशी आलीत.

शेठचा आवाजच उतरला. "अजून नको कापू, बाळा."

सकाळी योगिता खांदा चोळत होती. घरी ती एकटीच हाय. मी निघतो, आत्ताच.