चार लाल कॉलम

चौथा कॉलमही लालच राहिला.

संगणकावरच्या पोलादी इमारतीत तिनं पुन्हा एकदा आधी उभा कॉलम निवडला, मग आडवा बीम, आणि जोड लावला. पडद्यावर प्लेट उमटली, बोल्ट उमटले आणि क्षणात सगळं लालभडक झालं. हिरवं झालं तर जोड बसला, लाल झालं तर चुकला, इतकं साधं गणित होतं. तेवढंच सुटत नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतला माणूस टक लावून बघत होता. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

साठीला टेकलेला असेल. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, चेहरा मख्ख. दुपारी ती आली तेव्हा बाहेरच्या टेबलावरची मुलगी म्हणाली होती, "आत जा, मॉडेल उघडून ठेवलंय. चार कॉलमची कनेक्शन्स बसत नाहीयेत, ती बसवायची. साहेब चारला बघायला येतील." आत हा बसलेला. तिला बघताच उठून उभा राहिला, माऊस तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "हे लाल काही जात नाही, मॅडम."

ती काय समजायचं ते समजली. साहेबांनी नजर ठेवायला माणूस बसवलाय.

ही तिची सातवी मुलाखत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं ही मॉडेलं बनवायची नोकरी सोडली आणि सहा वर्षं तिच्या उशाशी काढली. त्याचं तिला जराही वाईट वाटत नव्हतं. पण "मधल्या सहा वर्षांत काय केलंत?" असं विचारून सहाही ठिकाणी तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं. आज नाही जमलं तर हे काम कायमचं सोडायचं, असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं, आणि सांगताना तिला रडू फुटलं होतं. जाहिरातीत जागा दोन होत्या. तिला एक पुरे होती.

"तुम्हाला काय वाटतं, घोडं कुठे पेंड खातंय?" तिनं धीर करून विचारलं.

त्यानं कपाळ पुसलं. "तुम्ही... तुम्हीच सांगा ना."

महा बेरकी आहे हो हा, ती मनात म्हणाली. स्वतः मूग गिळून बसायचं आणि उत्तर माझ्याकडून वदवून घ्यायचं!

ठीक आहे, मग बोलूनच दाखवते. गप्प बसून अडाणी ठरण्यापेक्षा बोलून चुकलेलं बरं. "हे बघा, आता मी वरचा मजला लपवते. नुसतं क्लिक केलं की एक कॉलम निवडला जातो. आता भोवती चौकट ओढते. मोजा बरं."

"दोन?" तो पुढे वाकला.

"दोन! कुणीतरी एकाच जागी दोनदा कॉलम काढलाय, एकावर एक. आणि आपण बसलोय कनेक्शनला शिव्या घालत! काखेत कळसा नि गावाला वळसा."

तिनं चारही ठिकाणचा जादा कॉलम पुसला, जोड पुन्हा लावले. पहिला हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा, चौथा. तिचा जीव भांड्यात पडला.

त्यानं खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, रागावणार नसाल तर... त्या कोपऱ्यातल्या बोल्टला पाना कुठून घालायचा?"

तिनं कोपरा मोठा करून पाहिला. खरंच की! बोल्ट कॉलमला इतका चिकटून होता की पानाच काय, बोटही गेलं नसतं. पडद्यावर सगळं हिरवंगार, आणि जागेवर माणसानं बोल्ट काय दातांनी आवळायचा? हाच खरा प्रश्न होता तर.

"तुम्ही असता तर किती जागा सोडली असती?" तिनं विचारलं.

तो ताठ बसला. "चार बोटं. निदान चार. तीस वर्षं वर चढून हातानं आवळलेत, मॅडम, अंदाज चुकायचा नाही."

"मग चार बोटं."

तिनं चारही ठिकाणचे बोल्ट सरकवले. जोड हिरवेच राहिले. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी तिला मनापासून आनंद झाला होता. नोकरी मिळो न मिळो, आपल्याला हे अजून येतं!

चारला दोन मिनिटं कमी होती. बाहेर साहेबांचा आवाज आला. आपलं जमलं का, हे आता विचारावंच याला, म्हणून ती वळली, तर तो आधीच उठून उभा राहिला होता. हात जोडलेले.

"मॅडम, साहेब यायच्या आत एवढं सांगा. मी पास झालो का हो?"