मागची डावी बाजू

लेकीला रोज दवाखान्यात कामावर जायला आणि सुट्टीत डोंगर चढायला एकच गाडी हवी होती, म्हणून आम्ही दलालाच्या आवारात ही जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पाहायला आलो.

मी आधी खाली वाकून चेसिसचा गंज तपासला. मग सपाट फरशीवर उभ्या असलेल्या गाडीचे चारही कोपरे पाहिले. मागची डावी बाजू खाली बसलेली होती.

"बाबा, गाडी बघताय की स्थळ?" लेक हसली आणि एक चक्कर मारून बघायला स्टिअरिंगवर जाऊन बसली.

"मागे काही जड सामान आहे का?" मी दलालाला विचारले.

"काका, आत काडीसुद्धा नाही."

मी मागचे डावे दार उघडले. सीट रिकामी होती. तेवढ्यात ती बाजू हळूच वर आली आणि पलीकडची खाली गेली, जणू कोणी मला बसायला जागा करून दिली.

मी दार झटकन लावून मागे सरलो.

"बसलात ना नीट?" उजवा आरसा जुळवत लेकीने विचारले.

मी हाक मारेपर्यंत गाडी सुटली. फाटकाशी पोहोचेपर्यंत तिची मागची बाजू पूर्ण वर आली होती, आणि पुढची, लेकीच्या शेजारची, सावकाश खाली बसत होती.