फुली

नागरिकशास्त्राचे पेपर वाटताना रुचिता मॅडम पायलवर चिडल्या. "मतदानाचा हक्क कोणाला? 'ज्याचं नाव यादीत आहे त्याला.' हे काय लिहिलंयस? अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला!"

"मॅडम, माझी आजी बासष्ट वर्षांची आहे. यावेळी तिला मत देऊ न देताच परत पाठवलं. म्हणाले, पत्त्यावर राहत नाही म्हणून नाव काढलंय."

"मग राहता कुठे?"

"तिथेच. काशीमीऱ्याला, गॅरेजच्या मागच्या चाळीत. दिवसा सगळेच कामाला जातात, घरांना कुलपं असतात."

मतदारयादी तपासायच्या ड्युटीला त्या चाळीत मॅडमच गेल्या होत्या. एकदाच, भर दुपारी. कुलूप दिसलं की नावावर फुली मारून पुढे.

पायलच्या उत्तरावर तशीच फुली होती.