नामी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. २०११ साल, जपानमधल्या त्सुकुबा शहरातलं एक सभागृह. त्सुनामीत घरं गेलेली माणसं चटयांवर बसली आहेत. समोर अर्ल नावाचे वयस्कर अमेरिकन लोकगायक आहेत. स्वतः रचलेली गाणी गिटारवर गात ते चाळीस वर्षं गावोगाव फिरले. आता आवाज फाटतो. आज लोक उठून गेले, तर गाणं कायमचं थांबवायचं, असं त्यांनी ठरवलं आहे.

पहिलं गाणं संपलं. पुण्याहून नातीकडे आलेले उल्हासआजोबा खूश होऊन ओरडले, "नामी! एकदम नामी!"

पुढच्या रांगेतल्या आज्या दचकून उठल्या आणि दाराकडे धावल्या. अर्लनी मान खाली घातली, गिटार पेटीत ठेवली.

"अगं चैत्राली, पळतात काय सगळ्या? मी तर दाद दिली!"

"आजोबा, जपानीत नामी म्हणजे लाट!"

दहा वर्षांची चैत्राली दाराशी धावली. कमरेत वाकून तिने जपानीत माफी मागितली. मग एका आजींचा हात धरून ती त्यांना अर्लसमोर घेऊन आली आणि इंग्रजीत म्हणाली, "या तुमच्या गाण्याला कंटाळल्या नाहीत. आमच्या शब्दाला घाबरल्या."