खेळाविषयी अपांचं मत

“शी! मानाची गादी दाराच्या तोंडाशी? पाहुण्याने काय चपलांचा वास घेत चहा प्यायचा?”

आयसुलू दचकली. मांडीवर बाळ झोपलं होतं, समोर संगणकावर खेळातलं घर उघडं होतं आणि पाठीमागे सासूबाई उभ्या होत्या. बात्मा अपा, म्हणजे बात्मा आई. पडकी घरं घ्यायची, भिंती पाडायच्या, रंग काढायचा, सामान लावायचं, असा तो खेळ. बिश्केकमधली पोरंपोरी तो खेळत आणि खेळाच्या पानावर आपापली मतं लिहीत. त्यात आयसुलूची मतं सगळ्यात कुजकट, म्हणून लोक ती शोधून वाचत.

आत्ताही तिने लिहायला घेतलं होतं : ‘म्हणे हुबेहूब घर! भिंतीवर हातोडा घातला तरी वरचे शेजारी चिडून पाइप बडवत नाहीत. रंग चुटकीसरशी वाळतो. आमच्याकडे न्हाणीघराच्या फरश्या येऊन दोन हिवाळे झाले, नवरा अजून त्यांच्याकडे नुसता प्रेमाने बघतोय. एक तारा. तोही दया म्हणून.’

खरं तर ती वेळ काढत होती. तिच्या नवऱ्याने, उलानने, एका नव्या इमारतीत दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. नुसत्या सिमेंटच्या भिंती, पण स्वतःच्या. उद्या होकार कळवायचा होता. अडचण एकच, उलान धाकटा. थोरले भाऊ लग्न करून वेगळे झाले. धाकट्याने मात्र आईपाशीच राहायचं, अशी रीत. ती मोडायची तर आईशी बोलायला हवं, आणि तेवढी त्याची छाती नव्हती.

“तूच सांग,” सकाळी बूट चढवताना तो पुटपुटला. “बायकांचं बायकांना कळतं.” आणि पळाला. एवढा आडदांड गडी, पण जिना उतरताना मांजराइतकाही वाजला नाही.

“अपा, बसा ना,” आयसुलू म्हणाली. “मला थोडं बोलायचंय.”

“बोलशील गं. आधी सरक. घर लावतेयस की कणीक तिंबतेयस?”

अपांनी माउस ओढून घेतला. खटखट दोन भिंती आडव्या केल्या. कपाट उचलून कचऱ्यात टाकलं. आयसुलूचा आ वासलेला तसाच राहिला.

“तुम्हाला येतं हे?”

“दुपारी पोराला निजवायला जातेस आणि त्याच्याआधी तूच घोरतेस. मग मी काय छताकडे बघत बसू?” अपांनी नाक मुरडलं. “आणि ही खेळणारी मंडळी तरी काय एकेक! ‘मन शांत होतं’ म्हणे. पडदे बदलून मन शांत झालं असतं, तर माझ्या थोरल्या जावेचं केव्हाच झालं असतं. थांब, माझं घर दाखवते.”

अपांचं घर पडद्यावर आलं. एकच खोली. एक पलंग. चहाची एकच वाटी. खिडकीशी एक खुर्ची, दाराकडे पाठ करून ठेवलेली. दाराला आतून कडी. पाळणा नव्हता. भिंतीशी पाहुण्यांसाठी रचलेली गोधड्यांची चवड प्रत्येक घरात असते, इथे एकही गोधडी नव्हती.

म्हणजे अपांना कळलं होतं. लेक-सून गेल्यावर कसं राहावं लागेल, ते म्हातारी रोज दुपारी एकटीच मांडून बघत होती. दोन दिवस घोकलेली सगळी वाक्यं आयसुलूने सोडून दिली. बाळाच्या जावळावर तिने गाल टेकला.

“अपा, आम्ही तुम्हाला टाकून कुठ्ठं जाणार नाही. घर बघितलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी आत्ताच उलानला सांगते, नाही म्हणून कळव.”

तिने फोन उचलला. अपांनी तो झडप घालून काढून घेतला.

“खबरदार!”

फोन त्यांनी पाठीमागे लपवला.

“घर बघितलंय? कुठे? किती लांब?”

“बसने... अर्धा तास.”

“एवढंच?” अपांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मनाशी काही हिशेब केला. “बरं, चालेल. गर्दीच्या वेळी तासभर लागत असेल.”

“अपा!”

“ओरडू नकोस, पोर उठेल.” अपा खाली बसल्या. आवाज एकदम मऊ झाला. “सतराव्या वर्षी सून होऊन आले गं मी. आधी सासूसासरे, दीर, नणंदा. मग पोरं. मग गावाकडून डॉक्टरला दात दाखवायला म्हणून येऊन महिनाभर मुक्काम ठोकणारे. रिकाम्या घरात बसून चहा कधी प्यायलेच नाही मी. तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल म्हणून वाट बघतेय. मी कशी बोलू? आईनेच धाकट्याला हाकललं म्हणून अख्खं गोत माझ्या तोंडात शेण घालेल.”

आयसुलूला हसावं की रडावं कळेना. अपांनी डोक्याचा रुमाल सोडून बाळाची उघडी पडलेली पावलं झाकली.

“ह्याला रविवारी आणा. पोटभर जेवा. आणि उजेड आहे तोवर घरी जा.”

मग त्यांनी संगणक सुनेकडे ढकलला.

“आता माझंही मत लिही. म्हणावं, भिंती पाडता येतात, कचरा फेकता येतो, सगळं ठीक आहे. पण धाकटा मुलगा घराबाहेर कसा काढायचा, ते ह्या मूर्खांनी कुठेच दिलेलं नाही.”