थान लिआंगचा वारस

अंगणात शिरलेल्या माणसाने कपाळ जमिनीला टेकवलं आणि म्हणाला, "बाबा, मी थान श्वो. गावाहून आलोय. तुमच्या जागी उभा राहायला."

म्हाताऱ्याच्या हातातलं धान्याचं सूप कलंडलं.

शिपाई थकला की गावाकडचा त्याचा मुलगा त्याच्या जागी यायचा, बादशहाचा नियमच होता. हे ठाऊक असून म्हाताऱ्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. कारण तो थान लिआंग नव्हताच.

तो फौजेची ओझी वाहणारा कैदी. ग्वेइझोच्या खिंडीत हिमवादळ सुटलं, पहारा पांगला. तापाने पडलेल्या थान लिआंगचा कोट आणि कमरेची नावाची पट्टी याने काढून घेतली, नि मागं वळून पाहिलं नाही. त्या पट्टीवर सरहद्दीची जमीन मिळाली, रेडा मिळाला, बायको मिळाली. भीतीवरसुद्धा माणूस संसार मांडतो! पण दर हिवाळ्यात खिंडीकडून हाक यायची, "थंडी वाजतेय रे."

"असे काय बघताय भुतासारखे?" बायको सूनियांग खेकसली. "पोरगा दारात आला नि ह्यांच्या तोंडाला कुलूप! बस रे बाळा. वाटेत कुणी खायला घातलं, का वारा पिऊनच आलास?"

स्वतःची कूस रिकामी राहिलेली बाई ती. कोंबडी धरायला परसात धावलीसुद्धा.

म्हातारा पाहत राहिला. थान लिआंगचीच रुंद जिवणी, खिंडीत बर्फ साचलेली. पोरगा नजरेला नजर देत नव्हता. रागाने असणार. उद्या छावणीच्या सरदारापुढे बापलेकांची ओळख पटवायची होती. पोराने तोंड उघडलं की म्हाताऱ्याची मान उडणार, आणि सूनियांग उघड्यावर पडणार.

त्याच्याने राहवेना. "मी कोण, ते कळलंय ना तुला?"

"कळलंय."

"तुझ्या बापाला मीच मारलं. उद्या सांगून टाक. पण तिला यातलं काही ठाऊक नाही रे. तिला तेवढं सांभाळ."

पोरगा झपकन पुढे सरकला, म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोला, काका! बाबा त्या वादळातून वाचून गावी परतलेत. मामाच्या कोठीत लपून राहतात. पळपुटा शिपाई म्हणून सापडले, तर आमचं अख्खं घर मातीत जाईल. तुमच्या पाया पडून मागितलंय त्यांनी, मरेपर्यंत तुम्हीच थान लिआंग राहा."