दोन डाव्या बाह्या

बाईंनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. अगदी मुद्दाम, खडूची रेघ ठळक मारून. तुकडे मशीनवालीपुढे सरकवले आणि आता ही ओरडेल म्हणून कान टवकारून उभ्या राहिल्या.

मशीनवालीने तुकडे उलटसुलट करून पाहिले. एकदा, दोनदा. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"छान कापलंय, बाई," ती म्हणाली.

बाईंनी खडू खाली ठेवला.

शर्ट शिवणाऱ्या त्या दुकानात बाई तीस वर्षं कटिंग मास्तर होत्या. त्यांच्या कात्रीला आणि जिभेला सारखीच धार आहे, असं सगळे म्हणत आणि बाईंना ते ऐकायला आवडे. दोन महिन्यांपूर्वी याच टेबलाशी उभ्या असताना छातीत कळ आली आणि त्या मटकन खाली बसल्या. हार्ट अटॅक. दोन स्टेंट बसवले. तेव्हापासून गोळ्या वेळेवर, मीठ कमी, सकाळ-संध्याकाळ चालणं, चार आकडे मोजत श्वास घेणं, यात बाईंनी एक दिवस कसूर केली नव्हती. मरायची त्यांना अजिबात हौस नव्हती. अर्धा दिवस काम करायला परवानगी देताना डॉक्टर म्हणाले होते, "ताण ओढवून घेऊ नका, आणि आलाच तर गिळून बसू नका." लेकीने त्यातलं पहिलं अर्धं तेवढं उचललं. आई कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली आणि मालकापासून काज-बटणवाल्यापर्यंत सगळ्यांना बजावून गेली, "आईच्या शब्दापुढे शब्द नको."

आठवडाभर कोणी शब्द काढला नाही. बाई म्हणाल्या पंखा बंद करा, तर भर उकाड्यात पंखा बंद झाला. म्हणाल्या खिसा उजवीकडे लावा, तर मालकसुद्धा "उजवीकडेच शोभेल" म्हणून मोकळा झाला. हाच मालक पूर्वी अर्ध्या बोटाच्या फरकावरून तासभर हुज्जत घालायचा. आता बाईंचं बोलणं पुरतं व्हायच्या आतच माना डोलायला लागत. घरी येऊन बाई पडून राहत आणि छातीत नुसती धडधड होई. दवाखान्यात त्यांना जिवाची भीती वाटली होती. पण आपण असून नसल्यासारख्या झालो, ही भीती त्याहून वाईट होती. म्हणून आजच्या बाह्या. एवढ्यावर तरी कोणीतरी भांडेल, असं त्यांना वाटलं होतं.

बाईंची पाठ वळताच मशीनवालीने त्या बाह्या हळूच चिंध्यांच्या पेटीत सारल्या आणि उरलेल्या कापडातून नवी जोडी स्वतःच कापायला घेतली. गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशात बाईंना ते सगळं दिसलं. म्हणजे आठवडाभर हेच चाललं असणार. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचा त्यांना आणखीच संताप आला.

इस्त्रीवाले काका त्याच दिवशी रजेवरून परतले होते. पंधरा वर्षं त्यांचं आणि बाईंचं हाडवैर होतं. इस्त्रीचा तळ पुसायला फडकं हवं म्हणून त्यांनी पेटीत हात घातला, आणि हाताला लागलेलं कापड उजेडात धरून ते थेट मधल्या टेबलापाशी आले.

"हे कोणाचं काम?"

"माझं, काका," मशीनवाली घाईघाईने म्हणाली. "मीच चुकले."

"खोटं बोलू नकोस. अशी सफाईदार कड तुझ्या बापजन्मात तुला जमणार नाही." त्यांनी दोन्ही बाह्या बाईंपुढे आपटल्या. "काय हो बाई, गिऱ्हाइकाला दोन्ही हात डावे आहेत का? कापताना लक्ष कुठे होतं?"

दुकानातली सगळी मशीनं थांबली. मालक पाण्याचा पेला घेऊन धावत आला. "काका, अहो, यांना ताण द्यायचा नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला नका शिकवू. तीन वर्षांपूर्वी माझ्याही छातीत कळ आली होती, तेव्हा माझ्याबद्दलही हेच सांगितलं होतं तुम्हाला सगळ्यांना." काका बाईंकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "परत आलो त्या आठवड्यात मी एका पांढऱ्या शर्टाची कॉलर जाळली. चांगला बटणाएवढा डाग. तुमच्यापुढे आणून धरला. म्हटलं, आता ही बाई माझे वाभाडे काढणार. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

बाईंना आठवलं. "असू दे, दिसत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. आपण किती समजूतदारपणे वागलो, हे त्यांनी घरी लेकीला कौतुकाने सांगितलंही होतं.

"त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, दुकानाने मला निकालात काढलं," काका म्हणाले. "छातीत दुखलं तेव्हा जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी वाटलं."

मालकाने पेला पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना ताठ उभं राहता आलं.

"दिसत होता तो डाग," त्या कडाडल्या. "रस्त्यापलीकडून दिसत होता. आंधळ्यासारखी इस्त्री फिरवता, आणि वर माझ्या बाह्या काढता?"